मुक्काम सेगाह

पहिल्या दिवशी मुअल्लिमांनी, म्हणजे माझ्या शिक्षकांनी, मला गाऊ दिलं नाही. आधी चहा. कमरेत बारीक असलेला काचेचा पेला, बशीत साखरेचे खडे आणि वाटीत पाकातले अंजीर. याला काय म्हणता, असं मी विचारलं. "मुरब्बा," ते म्हणाले. मला हसू फुटलं. आमच्या मिरजेच्या घरी उन्हाळ्यात कैरीचा मोरांबा होतो, हे सांगण्याइतकं अझरबैजानी मला तेव्हा येत नव्हतं. मी नुसतं बोट दाखवून "आमच्याकडेपण, आमच्याकडेपण" म्हणत राहिले. त्यांना वाटलं मला अजून हवाय. वाटी पुन्हा भरली.

नवऱ्याच्या तेलक्षेत्रातल्या नोकरीमुळे आम्ही बाकूला आलो होतो. येताना मी माझा तानपुरा गोधडीत गुंडाळून आणला होता. बारा वर्षं किराणा पद्धतीची तालीम झालेली, त्यामुळे परक्या गावात निदान रियाज तरी होईल एवढाच हिशेब. मग एका संध्याकाळी समुद्राकाठच्या आंतरराष्ट्रीय मुगाम केंद्रात गेलो. मुगाम म्हणजे अझरबैजानचं शास्त्रीय गाणं, आपल्या रागदारीसारखं. २००८ साली उघडलेली ही इमारत तार नावाच्या वाद्याच्या आकारावरून बांधली आहे. मंचावर तिघंच. एक तारवाला, एक कमांचा हे गजानं वाजवायचं वाद्य घेतलेला आणि मध्ये गायक, म्हणजे खानंदा. त्यानं हातातला डफ गालाशी आडवा धरला, डोळे मिटले आणि पहिलाच स्वर एवढा वर लावला की मी दचकले. आपल्याकडे कोणी मैफिलीची अशी सुरुवात केली तर बुजुर्ग मंडळी एकमेकांकडे बघतील. इथे शेजारची आजीबाई अगदी हळू, घरात कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात "जान!" म्हणाली. तो आवाज खाली उतरला आणि एका स्वरावर स्थिरावला तेव्हा मला वाटलं, अरे, ही तर भैरवी.

ती भैरवी नव्हती. ते कळायला दोन हिवाळे गेले.

मुअल्लिमांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. बाकूच्या उत्तरेला मश्तागा नावाचं गाव आहे. मेट्रो, मग बस, मग उंच दगडी भिंतींच्या गल्ल्यांतून चालत. भिंतीपलीकडे डाळिंब आणि अंजीर, वाटेत तेल उपसणाऱ्या लोखंडी घोड्यांच्या खाली-वर होणाऱ्या माना. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं मला त्यांचा पत्ता दिला होता. वय सत्तरीच्या पुढचं, अंगात विणलेला स्वेटर, बोलणं तुटक. चहा संपल्यावर म्हणाले, गा. मी भैरवीची आलापी केली, दहा-बारा मिनिटं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"खोली छान आहे," ते म्हणाले. "पण तू बाहेर कधी पडणार?"

मला राग आला होता. आता वाटतं, राग आणि दस्तगाह (म्हणजे पूर्ण मांडलेला मुगाम) यांतला फरक इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितला नसता. आपण एका रागात शिरलो की त्याच्या चार भिंतींत राहतो आणि तिथेच खोल खणतो. दस्तगाह हा प्रवास असतो. त्याचे भाग ठरलेले असतात, त्यांना शोबा म्हणतात. प्रत्येक शोब्याचा टेकायचा स्वर वेगळा, चेहरा वेगळा, आणि एकातून दुसऱ्यात जायची वाट ठरलेली. मुगाम हा शब्दच मुळी मकाम या शब्दापासून आलेला. तोच आपला मुक्काम. टपाल खात्यानं पत्त्यावर जपून ठेवलेला 'मु. पो.' मधला मुक्काम! हे बसमध्ये बसल्याबसल्या लक्षात आलं आणि मी एकटीच हसले.

मुख्य मुगाम सात : रास्त, शूर, सेगाह, चहारगाह, बयाती-शिराज, शुश्तर, हुमायून. यातल्या 'गाह'चा अर्थ जागा. सेगाह तिसरी जागा, चहारगाह चौथी जागा. आपल्याकडेही गवयानं काही सुंदर करून दाखवलं की 'काय जागा घेतली' म्हणतात. मुअल्लिमांना हे मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं तर ते म्हणाले, "मग तुला निम्मं येतंच आहे." त्यांनी केलेली ही पहिली आणि पुढच्या सहा महिन्यांतली शेवटची स्तुती.

आम्ही सेगाह घेतला. त्यातलाही झाबुल-सेगाह. इथले संगीतकार उझेयिर हाजीबेयोव यांनी प्रत्येक मुगामाचा भाव लिहून ठेवलाय, त्यात सेगाहच्या वाट्याला प्रेम आलंय. पण मुअल्लिमांनी निवडण्याचं कारण वेगळं होतं. "तुझा आवाज रडका आहे," ते म्हणाले, "रास्त तुला झेपणार नाही."

सुरुवात बर्दाश्तनं. मंचावर ऐकलेला तो पहिला उंच स्वर म्हणजे बर्दाश्त. शब्दाचा अर्थ उचलणं. गायक सगळ्या बैठकीला एकदम वर उचलतो आणि मग खाली आणून ठेवतो, 'माये'मध्ये. फारसीत माये म्हणजे खमीर, आपल्या भाषेत विरजण. पुढचं सगळं या विरजणावर लागतं. माझी पहिली खोट इथेच निघाली. सेगाहचा टेकायचा स्वर मला सतत षड्ज वाटायचा. त्याच्या पुढचा स्वर जवळ, त्यापुढचे लांब, म्हणजे सा, कोमल रे, कोमल ग. झाली भैरवी. तानपुऱ्याची सवय अशी की टेकायला स्वर मिळाला की मी त्यावर ठाण मांडून बसायची. मुअल्लिम डफावर बोट आपटायचे. "तिसरी जागा! तिसरी! पहिली नाही!" या स्वराखाली अजून जमीन आहे आणि ती ऐकणाऱ्याला जाणवत राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तारेच्या दांडीवर एका सप्तकात सतरा पडदे बांधलेले. पेटीच्या बारा पट्ट्यांच्या मधल्या भेगांत सेगाहचं अर्धं सौंदर्य लपलेलं. श्रुतींचं आपण आयुष्यभर बोलतो, इथे त्या आतड्याच्या गाठी मारून दांडीवर ठेवलेल्या होत्या.

तारेविषयी थोडं सांगायला हवं. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं तुतीच्या लाकडाचं पोट, त्यावर बैलाच्या हृदयाभोवतालचा पातळ पडदा ताणलेला. अझरबैजानी तारेला अकरा तारा असतात आणि वादक ती मांडीवर न ठेवता छातीशी धरतो. हे बदल शुशा गावच्या सादिगजान यांचे. १९०२ साली ते वारले. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला वाद्य बनवणारा म्हणजे घरातलाच वाटतो. मिरजेत तंतुवाद्यांची अख्खी गल्ली आहे. म्हणून मुअल्लिमांच्या शेजारी राहणारे तारवाले काका पडदा बदलत असले की माझा धडा अर्धा तास उशिरा सुरू व्हायचा.

खरा मार पडला तो झंगूल्याचा. झंग म्हणजे घंटा. आवाज छातीतून डोक्यात आणि डोक्यातून परत छातीत, इतक्या जलद की स्वर तडकल्यासारखा वाटावा, पण तडकू नये. मी मुरकी घ्यायचे, खटका घ्यायचे, तान घ्यायचे. सगळं नापास. "तू दोरा काढतेस. मला दाणे हवेत." महिनाभर मी स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, बाल्कनीत दाणे पाडत होते. नवरा कानात बोळे घालून काम करायचा. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला. त्याला इथे खझरी म्हणतात, समोरून आला की श्वास मागे ढकलतो. त्याच वाऱ्यात बसथांब्यावर उभी राहून मी दाणे पाडायचा शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी आवाज नाही. डॉक्टरांनी तीन आठवडे मौन सांगितलं.

मला वाटलं, संपलं. मुअल्लिम म्हणाले, उत्तम, आता शिकायला सुरुवात होईल.

त्या तीन आठवड्यांत दोन गोष्टी झाल्या. पहिली, डफ हाती आला. इथे त्याला गवाल म्हणतात. माशाच्या कातडीचा, आतल्या बाजूनं कड्या लावलेला. दमट हवेत सैल पडतो, मग शेगडीजवळ धरून शेकायचा. तस्नीफ, म्हणजे लयीत बांधलेलं गाणं, आली की खानंदा तो वाजवतो. लय नसलेल्या गाण्यात गप्प ठेवून गालाशी धरतो, म्हणजे स्वतःचा आवाज कानात परत येतो. बारा वर्षांच्या वयात मुअल्लिमांची या विद्येतली पहिली नोकरी हीच होती : गावच्या म्हाताऱ्या खानंद्याचा गवाल लग्नात शेकत बसणं. गाणं शिकवलं कुणी नाही. शेगडीपाशी बसून जे कानावर पडेल ते पडेल.

दुसरी गोष्ट वह्या. मुगामात शब्द गझलेचे असतात. फुझुली, नसीमी, सय्यद अझीम शिरवानी, आणि विसाव्या शतकातले अलिआगा वाहिद. गवयाला शेकडो शेर पाठ हवेत, कारण कोणत्या मैफिलीत कोणता शेर घ्यायचा हे आयत्या वेळी ठरतं. मुअल्लिमांनी पेटीतून वह्या काढल्या. त्यांच्या वडिलांची वही अरबी लिपीत. स्वतःची रशियन लिपीत, कारण ते शाळेत गेले तेव्हा तीच होती. नात तिसरीत, तिला दोन्ही वाचता येईनात. १९९१ नंतर रोमन अक्षरं आली आणि ती तीच शिकलेली. एका घरात तीन पिढ्या, तीन लिप्या, एकच गझल. मी चौथी वही सुरू केली, देवनागरीत. ती बघून त्यांना सुराखानीचं आतेशगाह आठवलं. तिथल्या ज्वालामंदिराच्या दगडांवर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी कोरलेली हीच अक्षरं आहेत. "तुमची माणसं आधीच वही ठेवून गेली होती," ते म्हणाले.

फुझुलीची गझल लिहून घेताना मी सवयीनं वर लघु-गुरू मांडले. लगागागा, लगागागा, लगागागा, लगागागा. पेन थांबलं. ही आपली वियद्गंगा! मराठी गझल लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, झोपेतून उठवलं तरी ओळखेल. सोळाव्या शतकातला कवी, तुर्की बोली, आणि वृत्त असं की माझ्या मावशीनं भिशीच्या कार्यक्रमात त्यात गझल वाचली होती. मौनात असल्यामुळे मला ओरडताही येईना. मी टेबलावर ती लय वाजवून दाखवली. मुअल्लिमांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि त्याच लयीत पुढची ओळ म्हणाले. भाषेची अडचण तिथून कमी झाली. कोणता स्वर लांबवायचा हे विचारावं लागेना. वृत्तच सांगायचं.

आवाज परत आल्यावर मी त्यांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारू लागले. फारसं काही रोमांचक हाती लागलं नाही. दिवसा बाकूत ट्रॉलीबस चालवायची, संध्याकाळी संगीत विद्यालय, शनिवार-रविवार लग्नं. सरकार मोठ्या गवयांना 'लोककलावंत' असा किताब द्यायचं, तो यांना मिळाला नाही आणि त्याबद्दल ते बोलतही नाहीत. लग्न तेव्हा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालायचं, अंगणात मांडव, ध्वनिक्षेपक नाही. दुपारी सुरू झालेला खानंदा मध्यरात्री थांबायचा. ठरलेली बिदागी वेगळी आणि श्रोत्यांनी खूश होऊन दिलेला पैसा वेगळा. त्या पैशाला शब्द आहे 'शाबाश'. आपण शाबासकी तोंडानं देतो, हे लोक नोटेनं देतात. तो तिघांत वाटायचा, हा नियम.

एका शरद ऋतूत ते मला लग्नाला घेऊन गेले. त्यांचा शिष्य गाणार होता. या गावांत पुरुषांची बैठक वेगळी असते, त्यामुळे मला बायकांमध्ये, पुलावाच्या हंड्यांच्या बाजूला जागा मिळाली. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं. शिष्य चांगला तयार. पण एका शेरात त्याची मात्रा घसरली, दीर्घ जागी ऱ्हस्व. क्षणभर शांतता, आणि मग कुणा म्हाताऱ्याचा आवाज आला. त्यानं बसल्या जागेवरून ती ओळ नीट म्हणून दाखवली. शिष्यानं "साग ओल" म्हणून आभार मानले आणि ओळ पहिल्यापासून घेतली. माझ्याशेजारी तांदूळ निवडणाऱ्या बाईनं मान हलवली, "बरं झालं." इथल्या गवयाला पारखणारा समीक्षक वर्तमानपत्रात नसतो, तो मांडवात जेवायला बसलेला असतो.

परत येताना मुअल्लिम म्हणाले, पूर्वी बायकांना पडद्याआडही गाता येत नव्हतं. मग त्यांनी सांगितलेली हकीकत मी पुढे पडताळून पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शुशात जब्बार गार्यागदीओग्लू या थोर खानंद्यानं लैलाच्या कबरीवरचा मजनू गायला होता. तो प्रसंग लहानग्या उझेयिर हाजीबेयोवनं पाहिला. त्यातूनच १९०८ च्या जानेवारीत बाकूत 'लैला-मजनू' हा ऑपेरा उभा राहिला. त्याच्या संहितेत मुगामाच्या जागी स्वरलिपी नाही, फक्त मुगामाचं नाव. पुढचं गायकानं पाहून घ्यायचं. मजनू होते हुसेनगुली सराबस्की, आणि लैलाची भूमिका एका चहाच्या दुकानातल्या पोऱ्यानं केली. त्याच सुमारास आपल्याकडे बालगंधर्व शकुंतला होत होते. हे मी सांगितल्यावर मुअल्लिमांनी विचारलं, "तुमचा पोऱ्या कसा गायचा?" यावर काय सांगणार? मी मोबाइलवर ध्वनिमुद्रिका लावली. गाव येईपर्यंत त्यांनी ती तीनदा ऐकली.

नव्वदचं दशक मात्र ते एका वाक्यात उरकतात. लग्नं कमी झाली, मग लग्नात कीबोर्ड आला. २००५ पासून दूरदर्शनवर मुगाम स्पर्धा सुरू झाल्या, मुलं पुन्हा शिकायला येऊ लागली. पण तोवर त्यांचा झील गेला होता. झील म्हणजे तार सप्तकातला आवाज, खानंद्याचं भांडवल. झंगूले तिथेच फुलतात, 'जान' तिथेच मिळते, शाबाश तिथेच पडतो. एका लग्नात, मुबर्रिगे नावाच्या शोब्याच्या चढावर, आवाज आलाच नाही. त्यांनी तारवाल्याला खूण केली, त्यानं ती जागा वाजवून भरून काढली. बैठकीतल्या कुणी काही म्हटलं नाही. घरी येऊन त्यांनी पुढची सगळी आमंत्रणं शिष्यांकडे वळवली.

म्हणूनच असेल, त्यांनी माझ्याकडून चढापेक्षा उतार दसपट घोटून घेतला. दस्तगाहच्या शेवटाला 'अयाग' म्हणतात, म्हणजे पाय. वरच्या मुक्कामांवरून, आशिग-कुश (शब्दशः प्रियकराला मारणारा) असल्या भयंकर नावाच्या शोब्यातून फिरून पुन्हा मायेच्या स्वरावर पाय टेकायचा. मी धावत उतरायचे. "जिना संपलाय का? मग पळतेस कशाला?" कधी ते स्वतः गाऊन दाखवायचे, खर्जात, जवळजवळ बोलल्यासारखं. शेवटच्या चार स्वरांना ते एवढा वेळ घेत की चहावरची वाफ संपायची. ते ऐकल्यावर घरी येऊन तानपुरा लावला तरी मला गावंसं वाटत नसे.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, नवरोजच्या आधी, त्यांनी चार म्हाताऱ्यांना घरी बोलावलं. तारवाले काका, कमांचा घेऊन त्यांचा पुतण्या आणि मी. श्रोत्यांपैकी एकजण तोच, लग्नात मात्रा सुधारणारा. मला ते ठाऊक नव्हतं, नाहीतर घरीच राहिले असते. बर्दाश्त बरा लागला. माये बरा. झंगूले तीन निघाले, चौथ्याच्या वेळी खोकला आला. कमांचानं माझी ओळ उचलून परत केली आणि मला श्वास मिळाला. साथ म्हणजे काय ते त्या एका क्षणात कळलं. वर जाऊन उतरताना मी डोळे उघडले नाहीत, कारण मुअल्लिमांचं बोट डफाकडे गेलेलं मला बघायचं नव्हतं. शेवटचा स्वर लावला आणि त्याखालची जमीन, पहिल्यांदाच, मला ऐकू आली.

कुणी जान म्हटलं नाही. मात्रावाल्या आजोबांनी साखरेचा खडा चहात बुडवला. "जीभ परदेशी आहे," ते म्हणाले. "पाय नीट पडला." मग खिशातून एक मनातची (मनात हे इथलं चलन) नोट काढून माझ्या गवालावर ठेवली. इथल्या एक मनातच्या नोटेवर तार, कमांचा आणि डफ छापलेले आहेत. मी ती उचलून पर्समध्ये जपून ठेवणार, तेवढ्यात मुअल्लिमांनी हात पुढे केला.

"शाबाश तिघांचा असतो."

एका नोटेचे तीन वाटे कसे करणार, यावर तारवाले काका आणि पुतण्या यांची बराच वेळ चर्चा झाली. शेवटी मुअल्लिमांनी नातीला हाक मारली आणि ती नोट देऊन तिला कोपऱ्यावरच्या दुकानात साखर आणायला पिटाळलं.